सामान पूर्ण

दर शुक्रवारी बायजाबाई पेटी घासायची. चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन अंगणात बसायची आणि ॲल्युमिनियमची ती हातभर लांब पेटी अशी लख्ख करायची, की सून रुखमा म्हणायची, "आत्याबाई, यात पाहून कुंकू लावता येते." बायजाबाई हसत नसे. पेटी फडक्यात गुंडाळून ती देवाच्या फळीवर ठेवून द्यायची. त्या फळीला हात लावायची घरात कोणालाच मुभा नव्हती. पोरगा तुलाराम आणि रुखमा दोघंही समजून होते, की आत सरकारी कागद असतील, माय जपते ते बरंच आहे.

कोसमटोलीत बायजाबाई दाई होती. सासू दाई होती म्हणून ती दाई झाली, आणि गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सरकारनं दायांना शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा दीड कोसावरच्या करंजटोल्याच्या दवाखान्यात ती पंधरा दिवस जाऊन बसली. शिकवणारी नर्स कोवळी पोर होती, पण जीव लावून शिकवायची. हात साबणानं धुवा, ब्लेड आणि दोरा उकळून घ्या, विळ्यानं नाळ कापू नका, धनुर्वात होतो, लेकराचा जबडा बसतो. शेवटच्या दिवशी पेटी मिळाली. दोन ब्लेडं, दोऱ्याचं रीळ, साबणाची वडी, नखं घासायचा ब्रश, कापूस, चार पट्ट्या आणि प्लास्टिकचा एक कागद. महिन्याभरात त्या नर्सची बदली झाली.

इकडं नाळ घरच्या विळ्यानं कापायची चाल होती. ज्या विळ्यानं घरचं धान कापलं त्यानंच पोराची नाळ कापली, म्हणजे पोर आपल्या बांधीला, भाताच्या वावराला, धरून राहतं, परमुलखात पोट भरायला जात नाही, असं म्हातारी माणसं सांगत. विळा विस्तवावर धरला न धरला की झालं. दाईनं पदरचं ब्लेड आणून पुढं केलं असतं, तर म्हाताऱ्यांनी तिलाच दाराबाहेर काढलं असतं. पण सरकारी पेटीची गोष्ट वेगळी. ती पेटी उघडली की घरातली माणसं गप व्हायची. सरकारी वस्तूला नाही म्हणायची छाती कोणाची?

पहिल्या महिन्यात एक बाळंतपण झालं. बायजाबाईनं पेटी उघडली, शिकवलं तसं सगळं केलं, आणि मोठ्या उमेदीनं पेटी घेऊन करंजटोल्याच्या महिन्याच्या मीटिंगला गेली. तिथं सुलोचनाबाई होत्या. त्या साऱ्या दायांच्या वरच्या बाई. त्यांनी पेटी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साबण कोणी खाल्ला गं?"

"हात धुतले, बाई."

"हात धुतले की अंघोळ केली? आणि एक ब्लेड कुठंय?"

"नाळ कापली नं. मंग वारेसंगच पुरलं अंगनात. बाळंतपनाचं रगत लागलेली वस्तू घरात नाई ठेवत बाई आमच्याकडं."

"पुरलं! सरकारी सामान पुरलं!" सुलोचनाबाई साऱ्यांकडं वळून म्हणाल्या, "जुनं ब्लेड जमा केल्याशिवाय नवीन मिळत नाही, माहीत आहे का? का विकून खाल्लंस?"

चाळीस बाया खदखदून हसल्या. हसल्या म्हणजे काय, सुलोचनाबाई हसल्या म्हणून त्याही हसल्या. मीटिंग संपेपर्यंत बायजाबाईला पेटी हातात धरून उभं राहावं लागलं. पन्नाशीची बाई, शाळेतल्या पोरासारखी. दोन महिन्यांनी एक ब्लेड आणि एक वडी मिळाली, वर दम मिळाला, की आता पुन्हा नाही. त्या दिवसापासून बायजाबाईनं पेटी उघडणं सोडून दिलं. पुढच्या मीटिंगला सुलोचनाबाईंनी सगळं मोजलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'सामान पूर्ण'. "आता शहाणी झालीस," त्या म्हणाल्या.

आणि विळा पुन्हा सुरू झाला.

यंदा, म्हणजे ऐंशी सालच्या श्रावणात, धानाची रोवणी जोरात होती. भैय्याजी पाटलाच्या बारा बांध्या सोळा बायांनी मिळून गुत्त्यानं घेतल्या होत्या. गुत्त्यात घरी बसायची सोय नसते. एक बाई कमी पडली की तिचं काम बाकीच्यांच्या कमरेवर येतं, आणि मग बायांची तोंडं सुटतात. म्हणून रुखमा नववा सरत आला तरी पोटऱ्याभर चिखलात वाकून पऱ्हे रोवत होती. डोक्यावरून पोत्याची खोळ, डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात चिखलात. वाकलं की पोट मांड्यांना टेकायचं, म्हणून ती पाय फाकवून, बाजूनं वाकत होती. पावलं सुजून जोडवी बोटांत रुतली होती.

"आत्याबाई, पायात मुंग्या आल्या," रुखमा म्हणाली.

"धुऱ्यावर बस घडीभर."

शेजारची शकुनबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून आणलं वं बायजा हिले? तू दाई आणि तुलेच समजत नाई?"

"मी आणलं का? तूच काल म्हणत होती, कोनाची बाई घरी बसली त तिचं काम आमी नाई करनार म्हनून!"

शकुनबाईनं मान खाली घातली आणि पुन्हा वाकली. बायजाबाईचा राग असा हाताशी असेल त्याच्यावर निघायचा. खरा राग कोणावर आहे ते तिला ठाऊक होतं, पण तिथवर हात पोचत नव्हता. रुखमाला धनुर्वाताचं टोचून आणायला ती दोनदा करंजटोल्याला घेऊन गेली होती. पहिल्यांदा नर्स ऑपरेशनच्या कँपला गेलेली, दुसऱ्यांदा टोचायचं औषधच संपलेलं. लाल गोळ्या एकदा मिळाल्या, पंधरा दिवसांच्या. नऊ महिन्यांच्या पोटाला पंधरा दिवसांच्या गोळ्या, उंटाच्या तोंडात जिरं.

दुपारी धुऱ्यापाशी, बांधाच्या कडेला, पांढरी जीप येऊन थांबली. दोन-तीन तरण्या बाया जुड्या टाकून पळसांच्या आड गेल्या. नसबंदीच्या वर्षापासून ती जीप दिसली की गाव असंच पांगायचं. सुलोचनाबाई खाली उतरल्या नाहीत, चिखल होता. जीपमधूनच छत्री हलवून त्यांनी हाक मारली.

"बायजा! ए बायजा, इकडे ये!"

बायजाबाई हात पाटाच्या पाण्यात खळखळून जीपपाशी गेली.

"उद्या दवाखान्यात मोठे साहेब येतायत. दायांच्या पेट्यांचं प्रदर्शन आहे. तुझी पेटी दे, आत्ताच घेऊन जाते."

"उद्या नाई जमत बाई. माह्या घरी सून अवघडली हाय. आजउद्या होईन."

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या संध्याकाळी जीपनं घरपोच पाठवते." सुलोचनाबाई खूश होत्या. "आपल्या केंद्रात तुझी पेटी पहिल्या नंबरची. दोन वर्षं झाली, पण वाटतं कालच दिली! साहेबांच्या हातून तुला लुगडं आणि नारळ देणार आहोत. उत्तम दाई म्हणून."

बायजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तम दाई!

दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी, कार्तिकात, धानकापणीच्या ऐन गर्दीत रुखमाचं पहिलं बाळंतपण झालं होतं. मुलगा होता. काळासावळा, डोक्यावर भरपूर जावळ, रडला तर शेजारचं गाव ऐकेल असा. तेव्हा पेटी घरात होती, हाताच्या अंतरावर, देवाच्या फळीवर. पण मीटिंग बारा-तेरा दिवसांवर आली होती. बायजाबाईनं फळीकडं पाहिलं. चाळीस बायांचं हसू तिच्या कानात वाजलं. तिनं विळा मागितला. त्याच सकाळी बांधीतून आलेला, पातीला गवताचा हिरवा रस चिकटलेला. विस्तवावर धरला, पुसला आणि नातवाची नाळ कापली. आठव्या दिवशी पोरानं अंगावर पिणं सोडलं. जबडा बसला, मुठी वळल्या, नुसतं हात लागला तरी अंग धनुष्यासारखं ताठायचं. दोन दिवस तसंच चाललं. गावानं सटवीचं नाव घेतलं. रुखमानंही सटवीलाच शिव्या दिल्या. बायजाबाई एक अक्षर बोलली नाही. पोराला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी मीटिंगला गेली आणि रजिस्टरात लिहून घेऊन आली, 'सामान पूर्ण'.

"मले नाई पायजे लुगडं," ती म्हणाली. "पेटी मी नाई देत."

"नाही देत म्हणजे? तुझ्या बापाची आहे का ती?" सुलोचनाबाईंचा आवाज चढला. "तुलाराम! अरे तुलाराम, समजाव तुझ्या आईला!"

तुलाराम पलीकडच्या बांधीत चिखलणी करत होता. तो भैय्याजींचा सालदार. उद्याच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष भैय्याजीच होते. बैल सोडून तो आला, जीपला लांबूनच हात जोडले.

"देऊन दे नं माय. भैय्याजीनं सकाळीच सांगतलं, कार्यक्रमात खोट नाई पायजे म्हनून. एका दिवसानं काय होते?"

"एका दिवसानं काय होते ते मले इचार!" बायजाबाई त्याच्या अंगावर गेली. पण पुढं सांगता येईना. काय सांगणार? मागं काय झालं ते? ती जीपकडं वळली. आवाज आपोआप खाली आला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "बाई, मंग एक ब्लेड राहू द्या. एक ब्लेड आणि हातभर दोरा."

"आणि अर्धी पेटी साहेबांपुढं ठेवू? नाक कोणाचं कापलं जाईल, तुझं की माझं?"

पेटी गेली. तुलारामनंच घरी जाऊन फळीवरून काढून दिली. दोन वर्षांत त्यानं पेटीला हात लावला तो पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बाया भैय्याजींची शेवटची बांधी रोवत होत्या. रुखमा वाकली ती सरळ होईना. हातातली जुडी पाण्यावर तरंगत गेली. "आत्याबाई," एवढंच ती म्हणाली. तिच्या मांड्यांवरून पाणी ओघळलं आणि चिखलात मिसळलं. बायांनी तिला दोन्हीकडून धरलं. धुऱ्यावरून चालताना ती दर वीस पावलांना थांबायची, कोणाच्या तरी दंडात नखं रुतवायची, मग पुन्हा चालायची. घरी आणून पाय धुतले, कोरडं लुगडं नेसवलं, खाटेवरची गोधडी खाली अंथरली. बायजाबाईनं पोट चाचपलं. डोकं खाली होतं. दुसरं बाळंतपण, फार वेळ घेणार नाही. पण दोन-तीन तास होते.

तिनं मागं वळून पाहिलं तर शकुनबाई चुलीपाशी बसून विळ्याची पात विस्तवात धरत होती. चालीप्रमाणं, कोणी न सांगता.

बायजाबाईनं विळा तिच्या हातून ओढला आणि दारातून असा भिरकावला, की तो अंगणातल्या कुंपणात जाऊन अडकला.

"पागल झाली का वं?" शकुनबाई ओरडली.

"आयक शकुन. मी करंजटोल्याले जातो. पानी उकळत ठेव. मी येईतवर पोर आलं त येऊ देजो, फडक्यात गुंडाळून मायच्या पोटावर ठेवजो. पन नाळेले हात नाई लावाचा. वार पडली त वारेसगट ठेव. आन कोनी विळा घेऊन आला त त्याच विळ्यानं त्याचा हात कापजो. समजलं?"

"अशा टायमाले दाई घर सोडून जाते का?" रुखमा कळवळून म्हणाली. "आत्याबाई, मले सोडून नोका जाऊ."

बायजाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "घडीभर दम धर माय. पहिल्यासारखं नाई होऊ द्याचं," ती म्हणाली आणि निघाली.

दीड कोस. धुऱ्यांवरून, निसरड्या चिखलातून, पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पाळीवरून. ती दोनदा पडली. एकदा गुडघा फुटला. सबंध वाटभर ती बोलत होती, सुलोचनाबाईंना, भैय्याजींना, तुलारामला, त्या हसणाऱ्या चाळीस बायांना, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला. बांधीत रोवणाऱ्या बाया मान वर करून पाहत होत्या, की ही दाई कोणाला एवढ्या शिव्या देत चालली आहे.

दवाखान्यापुढं मांडव होता. पताका होत्या. आत पांढऱ्या चादरीच्या लांब टेबलावर पेट्या ओळीनं मांडल्या होत्या, झाकणं उघडी, प्रत्येकीपुढं नावाची चिठ्ठी. पहिली बायजाबाईची. तिला मधोमध झेंडूच्या कागदी फुलांची माळ घातली होती. साहेब खुर्चीत, शेजारी भैय्याजी, त्यांच्या शेजारी दवाखान्याचे डॉक्टर, आणि सुलोचनाबाई माइकवर सांगत होत्या, की आपल्या केंद्रातल्या दाया आता किती हुशार झाल्या आहेत. मागं ओटीवर पुऱ्या तळल्याचा वास येत होता.

बायजाबाई सरळ टेबलापाशी गेली. गुडघ्यातून रक्त, कमरेपर्यंत चिखल.

"अहो बायजाबाई!" सुलोचनाबाई माइकवरून एकदम अहोजाहो करत म्हणाल्या. मग माइक झाकून दातांतून बोलल्या, "आधी पाय धुऊन ये! चादर खराब होईल!"

"माह्या सुनेले कळा सुरू झाल्या. मले माही पेटी पायजे."

"कार्यक्रम होऊ दे. साहेब बक्षीस देणार आहेत."

बायजाबाईनं माळ काढून टेबलावर टाकली आणि पेटीला हात घातला. सुलोचनाबाईंनी दुसऱ्या बाजूनं पेटी धरली. साऱ्या मांडवासमोर दोघी पेटी ओढू लागल्या.

"काय भानगड आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब," बायजाबाई म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला नाही, "इथं चाळीस पेट्या हायेत. एकाही पेटीतला साबन वला झालेला नाई. पाहा हात लावून! गावोगाव लेकरं होऊन राहिली, आन ब्लेडाचा कागद कोनी फोडला नाई. मंग नाळ कायनं कापली, इचारा नं! विळ्यानं कापली साहेब. मीनं कापली. या बाई सामान मोजते, लेकरं नाई मोजत. म्हनून मी उत्तम दाई!"

भैय्याजींनी खाकरून पाहिलं. डॉक्टर साहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले. ओळीत बसलेल्या दायांपैकी कोणी हसली नाही या वेळी. साऱ्या आपापल्या पायांकडं पाहत होत्या.

"केस आहे तर दवाखान्यात का नाही आणली?" साहेबांनी विचारलं.

"कायनं आनू? जीप त तुमाले आनाले गेली होती."

एवढं बोलून तिनं पेटीतलं ब्लेड, रीळ, साबणाची वडी आणि पट्ट्या पदरात घेतल्या, पदर कमरेला खोचला आणि पेटी सुलोचनाबाईंच्या हातात सोडून दिली. "हे घ्या. पेटी तुमची तुमाले. ठेवा टेबलावर, पाहू किती बाया बाळंत करते ते!"

जीप मांडवाच्या मागं उभी होती. ड्रायव्हर पुऱ्या खायला गेला होता. त्याला कोणी हाक मारली नाही. डॉक्टरही खुर्चीतून उठले नाहीत. बायजाबाई आली तशी परत निघाली.

ती घरी पोचली तेव्हा पोर आलेलं होतं. अंगणातून रडणं ऐकू येत होतं. दारात तुलाराम आणि गावची चार म्हातारी माणसं होती, आणि शकुनबाई चौकटीत दोन्ही हात पसरून उभी होती, हातात उलथनं.

"किती येळ ठेवाचं असं लटकून?" तुलाराम चिडून म्हणत होता. "लोकं हसून राहिले! दुसरा विळा देऊन राहिलो त घेत नाई!"

"बायजानं सांगतलं, हात कापजो म्हनून," शकुनबाई म्हणाली. "आन मी कापीन. हो बाजूले!"

बायजाबाईनं तुलारामला बाजूला सारलं. आत गेली. मुलगी होती. रुखमाच्या पोटावर फडक्यात गुंडाळलेली, नाळेसकट, शेजारी परातीत वार. बायजाबाईनं साबणाची वडी पाण्यात बुडवली आणि हात धुतले. कोपरापर्यंत, दोनदा, नखांतला भैय्याजींच्या बांधीचा चिखल निघेपर्यंत. ब्लेड आणि दोरा उकळला. दोन ठिकाणी बांधलं आणि मधून कापलं. ब्लेड विळ्यासारखं करकरलं नाही, मऊसूत गेलं. शेण नाही लावलं, राख नाही लावली, नुसती कोरडी पट्टी.

रुखमा मान वळवून पाहत होती.

"हे कुठून आनलं, आत्याबाई?"

"पेटीतून."

"पेटीत हे असते?"

"हं," बायजाबाई म्हणाली आणि ब्लेड पाण्यात टाकलं. रुखमानं डोळे मिटले. दमली असेल, असं बायजाबाईला वाटलं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. पाचवीला तिनं सटवीची पूजा मांडली नाही. शकुनबाईनं मांडली तर मांडू दिली. रोज सकाळी ती पट्टी सोडून नाळ पाही, कोरडी आहे ना, वास नाही ना. सातव्या रात्री ती झोपलीच नाही. आठव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत पोरगी भुकेनं किंचाळली, आणि रुखमानं अंगाला लावताच चुरुचुरु ओढू लागली. बायजाबाई तिथंच बसून राहिली. पोरीनं तोंड उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. त्या जबड्याकडं ती पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. आनंद होता, पण निम्मा. बाकी निम्मी आग होती. हे एवढं सोपं होतं. एक ब्लेड, एक वडी आणि उकळतं पाणी!

बाराव्या दिवशी सुलोचनाबाई आल्या. या वेळी चिखल तुडवत, पायी, रजिस्टर काखेत धरून. त्यांना वरून झाडणी बसली होती आणि ती कोणावर तरी काढायची होती.

"एक रीळ, एक ब्लेड, एक साबण, चार पट्ट्या. कुठं आहे सामान?"

अंगणात बाया जमल्या. बायजाबाई आत गेली, नातीला उचलून आणली आणि सुलोचनाबाईंच्या रजिस्टरावरच ठेवली.

"हे घ्या. ब्लेड, साबन, दोरा, पट्ट्या, सारं हिच्यात हाय. मोजून घ्या."

पोरीनं हात-पाय झाडले आणि रजिस्टर ओलं केलं. अंगणभर बाया हसल्या. शकुनबाई तर हसता हसता भिंतीला टेकली. सुलोचनाबाईंनी पोरीला घाईनं शकुनबाईच्या हातात दिलं, ओलं पान फडक्यानं टिपलं आणि उभ्यानंच लिहिलं. 'सामान अपूर्ण. दाईचं नाव कमी करावं.' मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे साक्षीदार झाले.

"करा कमी," बायजाबाई म्हणाली. "बाळंतीण तुमचं रजिस्टर वाचून दाई बोलावत नाई."

त्या निघून गेल्यावरही बाया बराच वेळ अंगणात हसत, बोलत होत्या. सुलोचनाबाईंचं तोंड कसं झालं होतं, ते शकुनबाई तीन-तीनदा करून दाखवत होती. बायजाबाई नातीला घेऊन आत आली. तिलाही हसू येत होतं, कितीतरी दिवसांनी. तिनं पोरीला रुखमाच्या कुशीत दिलं.

रुखमा हसत नव्हती. ती रिकाम्या फळीकडं पाहत होती.

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार नं."

"माह्या पहिल्या पोराच्या येळी पेटी घरातच होती नं?"

अंगणातलं हसू आतपर्यंत येत होतं. खोटं बोलायला वेळ होता. सटवी होती, दैव होतं, सुलोचनाबाई तर होत्याच, कोणाच्याही नावावर ढकलता आलं असतं आणि त्यातलं थोडं खरंही होतं.

"होती," बायजाबाई म्हणाली.

"ब्लेडबी होतं?"

"होतं. साबनबी होता."

"आन तुमाले ठाव होतं."

बायजाबाईनं मान डोलावली.

रुखमानं पोरीला छातीशी घट्ट धरलं, कूस बदलली आणि सासूकडं पाठ करून पोरीला पाजू लागली. बायजाबाई अंगणात गेली, कुंपणात अडकलेला विळा ओढून काढला, आणि जिथं बारा दिवसांपूर्वी वारेबरोबर ब्लेड पुरलं होतं तिथंच तो पुरायला मोठा खड्डा खणू लागली.